साखळी सैल ठेवण्याविषयी

फिरायला नेलेला कुत्रा साखळी ओढतो, ही तक्रार शिरूर आणि दौंड तालुक्यांत तशी नवी आहे, कारण इथे साखळीच नवी आहे. भीमेच्या दोन्ही तीरांवरच्या या मुलखात कुत्रा पिढ्यान्‌पिढ्या माणसाबरोबर राहिला तो मोकळा. वस्तीवर तो अंगणात पडून असे, मेंढवाड्याभोवती रात्रभर घिरट्या घाली, बैलगाडी निघाली की दोन चाकांच्या मधून, गाडीच्या सावलीत दुडकत येई. त्याला कोणी बरोबर चालायला शिकवले नव्हते आणि शिकवण्याची गरजही नव्हती. मागे पडला तर धावत गाठी, कंटाळला तर घरी परते. जेजुरीच्या खंडोबाच्या तसबिरीत घोड्याबरोबर धावणारा कुत्राही बहुधा मोकळाच दिसतो. मग रांजणगावला एमआयडीसी आली, शिक्रापूर-सणसवाडीकडे इमारती उभ्या राहिल्या, दौंडला रेल्वेच्या आणि राज्य राखीव पोलीस दलाच्या वसाहती आधीपासून होत्याच. लॅब्रेडोर, जर्मन शेफर्ड, रॉटवायलर अशी कुत्री दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावर राहू लागली. त्यांना दिवसातून दोनदा खाली न्यावे लागते आणि न्यायचे तर बांधून न्यावे लागते. कुत्रा पाळण्याची परंपरा आपल्याकडे जुनी आहे, पण त्याला दोरीवर चालवण्याची परंपरा नाही. या पुस्तिकेचा विषय तेवढाच आहे आणि तिचे म्हणणेही एकच आहे: कुत्रा ओढतो, कारण ओढायला त्याला आपणच शिकवलेले असते. ज्या क्षणी ओढण्याने काही मिळेनासे होईल आणि न ओढण्याने मिळू लागेल, त्या क्षणापासून तो वेगळे काही शिकू लागेल.

हे विधान पहिल्यांदा ऐकणाऱ्याला अन्यायाचे वाटते. खांदा निखळेपर्यंत आपण मागे खेचतो आहोत आणि शिकवणारेही म्हणे आपणच! पण फिरायला निघाल्यावरच्या पहिल्या दोन मिनिटांत काय घडते ते कुत्र्याच्या बाजूने पाहावे. माणूस तासाला चार-पाच किलोमीटर चालतो. मध्यम आकाराच्या कुत्र्याची सहज चाल त्याहून बरीच वेगवान असते, म्हणजे फाटकाबाहेर पाऊल टाकताच दोरी ताणली जाणार हे जवळपास ठरलेलेच. दोरी ताणली, कुत्र्याने जोर लावला आणि माणूस एक पाऊल पुढे आला. खांबाचा वास घ्यायचा होता, तो मिळाला. १८९८ साली एडवर्ड थॉर्नडाइक या अमेरिकन अभ्यासकाने कड्या लावलेल्या पेट्यांत मांजरे ठेवून दाखवून दिले, की ज्या कृतीनंतर हवे ते मिळते ती कृती प्राणी पुन्हा पुन्हा करतो. त्यात समजूतदारपणाचा किंवा हट्टीपणाचा प्रश्न नसतो. पुढे फर्स्टर आणि स्किनर यांनी १९५७ च्या आपल्या ग्रंथात बक्षिसाच्या वेळापत्रकांचा सविस्तर अभ्यास मांडला. जे बक्षीस कधी मिळते आणि कधी मिळत नाही, त्याने लागलेली सवय मोडायला सर्वांत कठीण असते, हा त्या साऱ्या संशोधनाचा ठळक निष्कर्ष आहे. आपल्या घरांत नेमके हेच चालते. सकाळी सून कुत्र्याला नेते, ती थांबते. संध्याकाळी नातू नेतो, तो कुत्र्यामागे धावतो. रविवारी आजोबा नेतात, त्यांना ‘जाऊ दे रे, बिचाऱ्याला फिरू दे’ असे वाटते. तीन माणसांचे तीन नियम असले की कुत्रा चौथाच नियम शिकतो: ओढत राहा, कधी ना कधी जमतेच.

या भागातल्या शेतकऱ्याला हे खरे तर कोणी सांगायला नको. गोऱ्ह्याला जुंपायची सवय लावताना त्याला जुन्या, मुरलेल्या बैलाच्या जोडीला धरतात, सुरुवातीला ओझे हलके ठेवतात आणि जोर लावला की गाडी सरकते हे त्याच्या अंगवळणी पडू देतात. जनावराला ओढायला शिकवण्याची ही पक्की रीत आहे. पट्ट्याला साखळी लावून ताणलेल्या स्थितीत कुत्र्यामागे चालत राहिलो, तर आपण नकळत तीच रीत वापरत असतो. गोंधळ पुढे होतो. बैलाला आवरायचे ते कासऱ्याने, हे हातात इतके मुरलेले असते की तोच हिसका आपण कुत्र्याच्या गळ्याला देतो. बैलाचा कासरा वेसणीला जोडलेला असतो आणि चांगला गाडीवान तोही सतत ताणून धरत नाही. कुत्र्याला वेसण नाही. त्याच्या पट्ट्याखाली श्वासनलिका आहे, थायरॉइड ग्रंथी आहे, डोक्याकडे रक्त नेणाऱ्या-आणणाऱ्या वाहिन्या आहेत. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका पशुवैद्यकीय अभ्यासात कुत्र्यांना पट्टा घालून आणि हार्नेस, म्हणजे छातीभोवतीचा साज, घालून ओढू दिले आणि डोळ्यांतला दाब मोजला. पट्ट्याने तो वाढला, हार्नेसने तसा वाढला नाही. २०२० मध्ये इंग्लंडच्या नॉटिंगहॅम ट्रेंट विद्यापीठातील संशोधकांनी कृत्रिम मानेवर निरनिराळ्या पट्ट्यांचा दाब तपासला. रुंद, मऊ, अस्तर लावलेले पट्टेही त्यात होते. जोरात ओढल्यावर इजेचा धोका नाही असे म्हणता येईल, असा एकही पट्टा त्यांना आढळला नाही. पट्टा बदलला की प्रश्न सुटेल या आशेने दुकानाच्या पायऱ्या चढणाऱ्याने हे ध्यानात घ्यावे.

यावर पहिला आक्षेप हमखास येतो: कुत्रा पुढे चालतो म्हणजे तो स्वतःला म्होरक्या समजतो, त्याला त्याची जागा दाखवली पाहिजे. ही समजूत आली ती लांडग्यांवरून. १९४७ साली रुडॉल्फ शेंकेल यांनी स्वित्झर्लंडमधल्या बाझेलच्या प्राणिसंग्रहालयातील, एका आवारात कोंडलेल्या लांडग्यांचे वर्णन केले, त्यातून वर्चस्वासाठी झगडणाऱ्या कळपाचे चित्र उभे राहिले. डेव्हिड मेक यांच्या १९७० च्या पुस्तकाने ते जगभर पोचवले. त्याच मेक यांनी पुढे रानातले लांडगे वर्षानुवर्षे पाहून १९९९ मध्ये लिहिले, की नैसर्गिक कळप म्हणजे बहुतेक वेळा आईबाप आणि त्यांची पिल्ले असलेले कुटुंब असते. तिथे म्होरकेपणासाठी रोजची मारामारी नसते. हा मुद्दा दूरदेशीचा नाही. दौंड, बारामती, इंदापूरच्या माळरानांवर आजही लांडगे आहेत आणि मेंढपाळांना त्यांची कुटुंबे चांगली ठाऊक आहेत. शिवाय कुत्रा म्हणजे लांडगा नव्हे. हजारो वर्षे तो माणसाच्या उकिरड्यावर आणि उंबऱ्यावर घडला आहे. पुढे चालणाऱ्या कुत्र्याला राज्य नको असते. समोरच्या कोपऱ्यावर काल रात्री कोण येऊन गेले, एवढेच त्याला हुंगायचे असते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे, कारण त्यात सत्याचा अंश आहे. ‘चोक चेन घाला, काटेरी पट्टा घाला, आठ दिवसांत सरळ होतो.’ होतो, काही कुत्रे होतात. वेदना टाळण्यासाठी प्राणी कृती थांबवतो हे थॉर्नडाइकच्या नियमाला धरूनच आहे. पण प्रश्न असा, की वेदना होत असताना कुत्रा कोणाकडे पाहत होता? शिरूरच्या बाजारपेठेत किंवा दौंडच्या स्टेशन रस्त्यावर पन्नास पावले चालले की एखादे मोकळे कुत्रे समोर येते. आपला कुत्रा त्याच्याकडे झेपावतो, गळ्याला काटे रुततात. माणसाला वाटते, ओढण्याची शिक्षा मिळाली. कुत्र्याच्या डोक्यात जुळणी भलतीच होण्याचा संभव मोठा: ते कुत्रे दिसले की मान दुखते. अशा जुळणीतून दोन-तीन महिन्यांनी नुसता ओढणारा कुत्रा गुरगुरणारा झाला, तर नवल वाटू नये. मेघन हेरॉन आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत मारणे, दाबून धरणे अशा जबरदस्तीच्या उपायांना पुष्कळ कुत्र्यांनी आक्रमकतेने उत्तर दिल्याचे मालकांनीच सांगितले. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या पोर्तुगालमधल्या एका अभ्यासात ९२ कुत्र्यांची तुलना केली. दुखवून शिकवणाऱ्या वर्गांतल्या कुत्र्यांमध्ये शिकवणीच्या वेळी ताणाची लक्षणे अधिक दिसली आणि लाळेतले ताणाचे संप्रेरकही अधिक वाढलेले आढळले. वेल्समध्ये विजेचा झटका देणारे पट्टे २०१० पासून कायद्यानेच बंद आहेत. तेव्हा ‘उपयोग होतो का’ एवढेच विचारून भागत नाही. कशाच्या बदल्यात होतो, हेही विचारावे लागते, आणि माझ्या मते तो सौदा तोट्याचा आहे. विशेषतः आपल्याकडे, जिथे भेटणारी दहांतली नऊ कुत्री दोरीविना फिरत असतात.

मग हार्नेस घालावा का? घालावा, पण त्याने ओढणे थांबेल असे समजू नये. बर्फावरची गाडी ओढणाऱ्या कुत्र्यांनाही हार्नेसच घालतात. छातीवर भार आला की जोर लावणे सोपेच जाते. छातीच्या पुढच्या बाजूला कडी असलेला हार्नेस असेल, तर ओढणारा कुत्रा थोडा बाजूला वळतो आणि आपल्याला सावरायला वेळ मिळतो. त्याचे काम तेवढेच. आपोआप लांब-आखूड होणारी, डबीतली दोरी मात्र या शिक्षणात वर्ज्य समजावी. तिच्यात ताण कायम असतो, आणि ओढले की दोरी वाढते म्हणजे बक्षीस यंत्रातूनच बाहेर पडते. साधनापेक्षा संकेत महत्त्वाचा, याचा सर्वांत चांगला पुरावा पोलिसांच्या कुत्र्यांत सापडतो. माग काढणारा कुत्रा हार्नेस आणि लांब दोरी लावली की हस्तकाला जोराने पुढे नेतो. ते त्याचे कामच असते. हार्नेस काढून साधा पट्टा घातला, की तोच कुत्रा गुडघ्याशी पावलाला पाऊल लावून चालतो. म्हणजे ओढणे हा त्याचा स्वभाव नसतो. कुठल्या साजात ओढायचे आणि कुठल्या साजात नाही, हे तो शिकलेला असतो. सामान्य पाळणाऱ्याला यातून एक मोठी सवलत मिळते, तिच्याकडे पुढे येतोच.

त्याआधी तिसरा आक्षेप: तो या मुलखाचा आहे आणि परदेशी पुस्तकांत त्याचे उत्तर नाही. ती पुस्तके सांगतात: दोरी ताणली की जागच्या जागी थांबा, सैल झाली की चाला. वाचायला सोपे आहे. पण शिरूरहून न्हावरेमार्गे चौफुल्याकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला, हंगामात उसाने ओसंडणाऱ्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग लागली असताना, कोणी कुठे थांबायचे? पदपथ नाही, कडेला खडी, पलीकडे चारी. पुणे-सोलापूर महामार्गालगत यवत-पाटसला किंवा पुणे-अहिल्यानगर रस्त्यालगत शिक्रापूरला राहणाऱ्याची स्थिती वेगळी नाही. वेळेचीही अशीच कोंडी आहे. एप्रिल-मेमध्ये दहा वाजल्यानंतरचे डांबर कुत्र्याचे पंजे भाजते, म्हणून पहाटे किंवा तिन्हीसांजेला निघावे असे कोणीही सांगेल. पण शिरूर तालुका जुन्नर वनविभागात येतो आणि इथल्या उसात बिबट्याचे बस्तान आहे. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पिंपरखेड-जांबूत परिसरात बिबट्याच्या हल्ल्यांत तीन जीव गेले, त्यांत दोन लेकरे होती. बिबट्याला कुत्रा किती प्रिय, हे वन्यजीव संशोधक विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी शेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात मोजून दाखवले आहे. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासानुसार तिथल्या बिबट्यांच्या आहारात वजनाच्या हिशेबाने ३९ टक्के वाटा पाळीव व भटक्या कुत्र्यांचा होता. तेव्हा अंधारात उसाच्या बांधाने जाताना कुत्रा राखणीला आहे असे मानणे ही फसवणूक आहे. तिथे कुत्रा हे आमिष ठरते, आणि ओढणारा कुत्रा असेल तर तो आपल्यालाही वासामागे सरीत घेऊन जातो.

या आक्षेपाचे उत्तर असे, की शिकवणे आणि फिरवणे या दोन गोष्टी वेगळ्या कराव्यात. रस्ता ही परीक्षेची जागा आहे, शाळेची नव्हे. शाळा भरवावी ती बंद फाटकाच्या आत, गच्चीवर, इमारतीच्या वाहनतळात, खळ्यावर किंवा वस्तीच्या अंगणात. दीड-दोन मीटरची साधी दोरी घ्यावी. कुत्रा बाजूला आहे आणि दोरी सैल आहे, तोवर चालावे आणि गुडघ्याशी हात नेऊन तोंडात घास द्यावा. दोरी ताणली की पाय रोवावेत. खेचू नये, ओरडू नये. कुत्र्याने वळून पाहिले, एक पाऊल मागे घेतले, दोरीला झोल पडला की लगेच पुढे निघावे. पाच मिनिटे पुरतात, त्यानंतर कुत्र्याचेही लक्ष राहत नाही आणि माणसाचाही संयम. अंगणात जमले की फाटकाशी, फाटकाशी जमले की रिकाम्या गल्लीत, आणि बाजाराच्या दिवशी बाजारात अगदी शेवटी. तोवर रोजचे शी-शूचे फिरणे तर चुकत नाही. त्यासाठी पोलीस कुत्र्याकडून घेतलेली ती सवलत वापरावी. घाईच्या फिरण्याला हार्नेस, शिकवणीला पट्टा. हार्नेसवर थोडी ओढाताण झाली तरी चालेल, पट्ट्यावर मात्र एकदाही ओढून पुढे जाता येणार नाही, हा करार घरातल्या प्रत्येकाने पाळावा. समोर भटकी टोळी दिसली, तर थांबण्याचा हट्ट धरू नये. ती दूर असतानाच गोड आवाजात हाक मारून पाठ फिरवावी आणि आलो त्या वाटेने जावे. सूर्य वर आल्यानंतरचा आणि डांबर तापण्याआधीचा तास-दीड तास या भागात फिरण्याला सर्वांत बरा, हेही इथेच नोंदवतो.

घासाचा उल्लेख आला की काही वाचकांच्या कपाळाला आठी पडते. लालूच दाखवून शिकवलेले खरे शिक्षण नव्हे, असे त्यांना वाटते. पण ज्याला आपण काम सांगतो त्याला मोबदला देण्यात लाज कसली? महागडी पाकिटे आणायची गरज नाही. शिळ्या भाकरीचे नखाएवढे तुकडे किंवा उकडलेले अंडे चालते. चॉकलेट, कांदा, द्राक्षे आणि मनुका मात्र कुत्र्याला विषारी ठरू शकतात. त्याहून मोठा मोबदला तर फुकटचा आहे. पाच-दहा पावले दोरी सैल राहिली की ‘जा, हुंग’ म्हणून कुत्र्याला खांबापाशी, झुडपापाशी मनसोक्त वास घेऊ द्यावा. शार्लोट ड्युरंटन आणि अलेक्झांड्रा होरोवित्झ यांनी २०१९ मध्ये दाखवले, की नाकाने शोधण्याचा खेळ काही दिवस खेळलेली कुत्री नव्या, अनिश्चित गोष्टीकडे अधिक आशेने जातात. ज्यासाठी तो ओढत होता तेच न ओढण्याचे बक्षीस झाले, की ओढण्यात राम उरत नाही. सावकाशीने चालणे, वाटेत दहादा थांबणे हा वेळेचा अपव्यय आहे असे मानणाऱ्यांसाठी फक्त एवढे, की फिरणे कुत्र्यासाठी आहे. प्राण्यांच्या छळाला प्रतिबंध करणारा १९६० चा केंद्रीय कायदा आपल्याकडे लागू आहे. नेहमी बांधून किंवा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला पुरेसे फिरवण्यात हयगय करणे, हे त्याच्या कलम ११ मध्ये क्रूरतेत मोजले आहे. अवजड किंवा फार आखूड साखळीने अवाजवी काळ बांधून ठेवणेही त्याच कलमात येते. ओढतो म्हणून फिरवणेच बंद करायचे आणि जिन्याखाली बांधून टाकायचे, हा मार्ग त्यामुळे बंद आहे. तसाही तो शहाणपणाचा नव्हता, कारण साचलेली ताकद दुसऱ्या दिवशी दुप्पट ओढते.

राखणीचा कुत्रा जोरकसच हवा, त्याला असले लाड शिकवले तर तो मवाळ होईल, ही भीती वस्तीवरच्या लोकांकडून ऐकू येते. फाटकावर भुंकण्याचा आणि दोरीवर ओढण्याचा एकमेकांशी संबंध नाही. माग काढणाऱ्या कुत्र्याचे उदाहरण वर दिलेच आहे. उलट ओढण्याने धोका पोचतो तो माणसाला. अमेरिकेत २००१ ते २०२० या काळात दोरीवरचा कुत्रा फिरवताना जखमी होऊन आपत्कालीन विभागात गेलेल्या प्रौढांची संख्या जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी सुमारे ४ लाख २२ हजार काढली आहे. बोटाचे हाड मोडणे, डोक्याला मार आणि खांदा लचकणे या त्यांतल्या सर्वाधिक आढळलेल्या इजा, आणि जखमींत स्त्रियांचे प्रमाण तीन चतुर्थांश. साखळी मनगटाला गुंडाळून धरण्याची आपल्याकडची सर्रास सवय यासाठीच सोडावी. दोरीचे टोक मुठीत असावे, फास मनगटात नसावा.

पुढच्या प्रकरणांत काय नाही, तेही सांगितले पाहिजे. स्पर्धेतल्या किंवा पोलीस संचलनातल्या कुत्र्यासारखे गुडघ्याला चिकटून चालणे इथे शिकवलेले नाही. रोजच्या फिरण्याला त्याची गरज नाही. दोरीला झोल असला, की कुत्रा दोन हात पुढे असो वा मागे, काही बिघडत नाही. माणसावर किंवा कुत्र्यावर धावून जाणाऱ्या कुत्र्याचा इलाज या पानांत शोधू नये. ओढताना खोकणाऱ्या, ठसकणाऱ्या किंवा एकाएकी लंगडू लागलेल्या कुत्र्याला आधी पशुवैद्याकडे न्यावे. किती दिवसांत जमेल, याचे वचन ही पुस्तिका देत नाही. सहा महिन्यांच्या पिलाचे आणि सहा वर्षे ओढून मुरलेल्या रॉटवायलरचे गणित एक असू शकत नाही, आणि घरातली चार माणसे वेगवेगळी वागत राहिली तर कोणाचेच गणित सुटणार नाही. पहिले प्रकरण वाचायला घेण्याआधी एक काम मात्र आजच करावे. कुत्र्याच्या गळ्यातला पट्टा आणि मान यांमध्ये दोन बोटे सहज जातात का ते पाहावे, आणि जात नसतील तर पट्टा एक भोक सैल करावा.